मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा, आरोप आणि पुरावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मुले पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, सावध राहा’ असा संदेश महाराष्ट्रात अधूनमधून नव्याने फिरू लागतो. या एका आरोपापायी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच, तर १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात तीन माणसांचा जमावाने जीव घेतला. या घटनांविषयी आणि एकूणच ‘आरोप झाला म्हणजे काहीतरी असणारच’ या समजुतीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कायद्याची कलमे सध्या लागू असलेल्या नव्या संहितांमधली आहेत. वर उल्लेखिलेल्या दोन्ही घटनांच्या वेळी अर्थातच जुनी दंडसंहिता लागू होती.

राईनपाड्यात नेमके काय घडले?

राईनपाडा हे साक्री तालुक्यातले आदिवासी वस्तीचे गाव आहे. त्या दिवशी रविवार होता आणि गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून तेथे उतरले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते आणि पिंपळनेर भागात पाले ठोकून राहत होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे आणि शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत त्याची नोंदही आहे. या पाच जणांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढ्यावरून बाजारात कोणाला तरी संशय आला, आरडाओरडा झाला आणि पाहता पाहता जमाव जमला. पाचही जणांना मारहाण करत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडण्यात आले आणि त्याच खोलीत ठेचून मारण्यात आले. ज्या खोलीत गावाचे दप्तर असते आणि जिथे रहिवासाचे दाखले मिळतात, तिथे हे घडले.

परिसरात मुले पळवण्याची एकही घटना घडलेली नसल्याचे पोलिसांनी त्यानंतर स्पष्ट केले. त्या पाच जणांजवळ कोणाचेही मूल सापडले नव्हते.

मग इतक्या लोकांनी विश्वास तरी कशावर ठेवला?

त्या काळात धुळे, नंदुरबार, मालेगाव या पट्ट्यात मोबाइलवर काही चित्रफिती फिरत होत्या. त्यांतली सर्वांत गाजलेली अशी : गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघेजण येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत पाकिस्तानातल्या कराचीची होती आणि ती मुळात हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची जनजागृतीपर जाहिरात होती. मूळ जाहिरातीच्या शेवटी मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि मूल उचलून नेणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. भारतात फिरलेल्या चित्रफितीतून नेमका हाच शेवट कापून टाकलेला होता. पालकांना जागे करण्यासाठी केलेल्या जाहिरातीचा असा ‘ध चा मा’ झाला आणि ती अपहरणाचा पुरावा म्हणून गावोगाव पोहोचली.

दुसऱ्या एका चित्रफितीत ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह होते आणि त्यांचे अवयव काढून घेतल्याचा दावा सोबत जोडलेला होता. ती मुले २०१३ साली सीरियात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मरण पावलेली होती.

ज्यांनी यावर विश्वास ठेवला त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. संदेश अनोळखी माणसाकडून येत नाही. तो मेहुण्याकडून, शाळेतल्या गुरुजींकडून, सोसायटीच्या गटातून येतो आणि ज्याने पाठवला त्याच्यावरचा विश्वास आपोआप संदेशालाही चिकटतो. शिवाय विश्वास ठेवायला काही खर्च नसतो आणि पडताळणीला वेळ लागतो. पोटच्या पोराचा प्रश्न असेल, तर ‘खोटे असले तरी सावध राहिलेले बरे’ हा विचार कोणत्याही आईबापाच्या मनात येणारच. घोडे पेंड खाते ते त्याच्या पुढच्या पायरीवर, जेव्हा सावध राहण्यासाठी घेतलेली शंकाच शिक्षेसाठी पुरेशी मानली जाते.

चित्रफीत आपण डोळ्यांनी पाहतो. तोही पुरावा नव्हे काय?

चित्रफितीत दिसते ते कधी तरी, कुठे तरी घडले किंवा घडवून चित्रित केले गेले, यापलीकडे ती स्वतःहून काहीही सांगत नाही. ते आपल्या तालुक्यात घडले, गेल्या आठवड्यात घडले आणि समोर उभ्या असलेल्या माणसाने केले, या तिन्ही गोष्टी तिच्याबरोबर आलेला मजकूर सांगत असतो, आणि तो मजकूर कोणीही लिहू शकतो. कराचीच्या चित्रफितीवर ‘आपल्या भागातील घटना’ असे लिहायला कोणाला अर्धे मिनिटही लागले नसेल.

न्यायालय अशा सामग्रीकडे कसे पाहते, हे यासंदर्भात उपयोगी ठरते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मोबाइलमधली चित्रफीत किंवा तिची प्रत पुराव्यात दाखल करायची असेल, तर ती कोणत्या उपकरणातून, कशी घेतली याचे प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. जुन्या कायद्यात हीच तरतूद ६५-ब या कलमात होती आणि हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्यातल्या एका निवडणूक खटल्याच्या निमित्ताने ठामपणे सांगितले. आमदारकीच्या वादात चित्रफितीचा उगम तपासल्याशिवाय चालत नाही. माणसाच्या जिवाच्या वादात मात्र पाराजवळ जमलेल्या चार जणांनी मोबाइल बघितला की भागते.

परंतु आसपासच्या चार गावांतून तीच बातमी येत असेल तर? आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात.

एकच संदेश चारशे जणांनी पुढे पाठवला, तर साक्षीदार चारशे होत नाहीत. चारही गावांतल्या लोकांना ‘तुम्ही स्वतः काय पाहिले’ असे विचारले, की बहुतेक वेळा उत्तर येते की पलीकडच्या गावात घडले म्हणे. आणि पलीकडच्या गावात चौकशी केली तर ते अलीकडच्या गावाकडे बोट दाखवतात. ऐकीव माहिती पुरावा म्हणून सहसा का चालत नाही, याचे कारण हेच आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम ५५ नुसार तोंडी साक्ष प्रत्यक्ष असावी लागते : पाहिलेल्या गोष्टीविषयी पाहणाऱ्याने आणि ऐकलेल्या गोष्टीविषयी ऐकणाऱ्याने बोलले पाहिजे. यामागचा हेतू अगदी व्यावहारिक आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतात. अंधार होता का, अंतर किती होते, अंगावर कोणते कपडे होते? ‘म्हणे’ला यांतले काहीच विचारता येत नाही.

मुले हरवतात हे तर खरेच आहे ना? वर्तमानपत्रांत अपहरणाचे हजारो गुन्हे छापून येतात.

मुले हरवतात, आणि हा प्रश्न गंभीर आहे. परंतु ‘अपहरण’ या शीर्षकाखाली येणाऱ्या आकड्यात काय काय असते, हे समजून घेतल्याशिवाय तो आकडा वाचणे धोक्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर असा आदेश दिला की, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली तर ते अपहरण किंवा मानवी तस्करी असू शकते असे गृहीत धरून थेट गुन्हा नोंदवावा. त्याआधी पोलीस ठाण्यात नुसती ‘मिसिंग’ची नोंद होत असे आणि शोध अनेकदा त्या वहीतच राहत असे. त्यामुळे आदेश योग्यच होता. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, परीक्षेत नापास झाल्याने घर सोडून गेलेला नववीतला मुलगा, घरच्यांच्या विरोधामुळे प्रियकराबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, आईबापांच्या भांडणात एकाने परस्पर नेलेले मूल आणि खरोखर पळवून नेलेले मूल हे सगळे कागदावर सुरुवातीला एकाच रकान्यात दिसतात. यांतली अनेक मुले पुढे सापडतात किंवा स्वतःहून परत येतात. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमा याच मुलांचा शोध घेण्यासाठी असतात.

तेव्हा आकडा खोटा नसतो. त्यातून ‘टोळी’ काढली जाते, ती वाचणाऱ्याच्या मनातली असते.

किडनी काढण्यासाठी मुले नेतात, यात कितपत तथ्य आहे?

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात, शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित शल्यचिकित्सकांचे पथक लागते, आणि शरीराबाहेर काढलेले मूत्रपिंड बर्फात ठेवले तरी साधारण एक-दीड दिवसच वापरण्याजोगे राहते. हृदयासाठी तर जेमतेम चार ते सहा तासच हाती असतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ही शस्त्रक्रिया केवळ नोंदणीकृत रुग्णालयातच करता येते. बाजारातून उचललेल्या पोराचा अवयव पिशवीत घालून विकता येईल, अशी ही गोष्टच नव्हे.

किडनीचे काळे व्यवहार आपल्याकडे उघडकीस आलेले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांचे स्वरूप निराळे असते. कर्जबाजारी प्रौढ माणसाला पैशाचे आमिष दाखवून, खोट्या कागदपत्रांनिशी त्याला रुग्णाचा नातेवाईक म्हणून उभे केले जाते. तेथे गुन्हेगार असतात ते दलाल आणि कागदांवर सह्या करणारे. झोळी घेऊन दारोदार फिरणाऱ्याचा त्यात कुठे संबंध येत नाही.

म्हणजे गावात अनोळखी माणूस दिसला तर त्याला काही विचारायचेच नाही का?

अवश्य विचारावे. कुठून आलात, कोणाकडे आलात, कुठे उतरला आहात, हे विचारण्यात गैर काहीच नाही आणि आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. पाले ठोकणारे अनेक भटके समाज नव्या गावात गेल्यावर पोलीस पाटलाला किंवा जवळच्या ठाण्यात आपली खबर देतात. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाला गावातल्या घडामोडींची माहिती वर कळवण्याचे कामच दिलेले आहे. तेव्हा शंका आली तर पहिला फोन पोलीस पाटलाला किंवा ११२ या क्रमांकावर करावा. लहान मुलाविषयी काळजी असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि आमच्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे. गावात पुराव्याचे काम बहुतेक वेळा ओळख करत असते. तुमच्यावर उद्या कोणी आरोप केला, तर ‘अहो, हा आपल्या अमक्याचा जावई, याला मी लहानपणापासून ओळखतो’ असे म्हणणारे दोन जण पुढे येतात आणि प्रकरण चौकशीपर्यंत थांबते. ज्याची ओळख सांगायला गावात कोणी नाही, त्याच्यासाठी हे कवच नसते. या लेखात वर आणि पुढे आलेल्या सगळ्या घटनांमध्ये मेले किंवा मार खाल्ला तो भिक्षेकऱ्यांनी, साधूंनी आणि परजिल्ह्यातून आलेल्या प्रवाशांनी, हा योगायोग नव्हे. आरोप सगळ्यांवर सारखा होत नाही. जिथे उलट बोलणारे कोणी नसते तिथे तो जाऊन चिकटतो.

भटक्यांच्या बाबतीत तर यामागे शतकाचा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींमध्ये जन्मलेल्यांना जन्मतःच संशयित ठरवले, त्यांना हजेरी लावायला भाग पाडले आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसवले. त्या कायद्याच्या जाचातून त्यांची ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सुटका झाली; विमुक्त दिन म्हणून हा दिवस आजही पाळला जातो. डवरी गोसावी हा काही त्या तारेआडचा समाज नव्हे, पण पाल दिसले की चोरी आठवणारी नजर पालांमधला हा फरक पाहत नाही.

त्याला मराठी येत नसेल किंवा तो नीट उत्तरे देत नसेल तर संशय बळावणार नाही का?

बळावेल, परंतु तो संशयच राहील. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना पट्ट्याने आणि काठ्यांनी मारहाण झाली. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. सुदैवाने चौघेही वाचले. त्यांची कागदपत्रे तपासून ते मथुरेकडच्या एका आखाड्याचे असल्याची खात्री पोलिसांनी केली, ती मार खाऊन झाल्यावर. पंचवीस माणसांच्या घोळक्यात सापडलेला परप्रांतीय अडखळत बोलतो, विसंगत उत्तरे देतो, पळू पाहतो. त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच केले असते. घाबरणे हे अपराधाचे लक्षण मानले, तर ज्याला जास्त घाबरवले तो जास्त दोषी ठरेल.

मार बसल्यावर त्याने कबूल केले, तर?

ती कबुली न्यायालयात शून्य किमतीची असते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबसुद्धा साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, त्या जबाबातून एखादी वस्तू प्रत्यक्ष हाती लागली तर तेवढ्या भागापुरता अपवाद सोडून. दीडशे वर्षांपूर्वी, १८७२ साली इंग्रजांनी केलेल्या कायद्यातही हे होते, कारण मारापुढे माणूस काहीही कबूल करतो हे त्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते.

आणि कोणी खरोखर मूल उचलून नेताना रंगेहाथ सापडला तर?

त्याला पकडण्याचा अधिकार तुम्हाला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणताही नागरिक अटक करू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ‘आपल्या समक्ष’ हे येथे महत्त्वाचे. पकडल्यानंतर मारण्याची मुभा या कलमात कुठेही नाही. आणि खरा गुन्हेगार सापडला असेल, तर तो जिवंत राहणे ही तपासाची गरज असते, कारण टोळी असेलच तर तिची माहिती त्याच्याकडूनच मिळायची असते.

मी मारले नाही, फक्त गर्दीत उभा होतो. मला काय होणार?

पाच किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने एकत्र आली की कायद्याच्या दृष्टीने तो बेकायदा जमाव ठरतो आणि त्या समान हेतूसाठी एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० नुसार जमावातल्या प्रत्येकावर येते. निव्वळ कुतूहलाने थांबलेला बघ्या आणि जमावाचा सदस्य यांत न्यायालये फरक करतात, हे खरे आहे. परंतु तुम्ही ‘मारा, मारा’ ओरडलात, दार अडवलेत किंवा काठी आणून दिलीत, तर तुम्ही बघे राहत नाही. शिवाय वंश, जात, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात मृत्युदंड किंवा जन्मठेप अशी स्वतंत्र तरतूद आता आहे. ही संहिता लागू झाली तो दिवस १ जुलै २०२४, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे झाली तो.

मालेगावात काय वेगळे घडले?

राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावात पाच जणांच्या एका कुटुंबाला याच संशयावरून जमावाने घेरले. त्यांच्यात दोन वर्षांचे एक मूलही होते आणि ते त्यांचेच होते. एका रहिवाशाने या कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला, पोलीस आले, जमावाने पोलिसांच्या गाडीचीही नासधूस केली, पण पाचही जण वाचले. त्या रहिवाशाकडे ही माणसे निर्दोष असल्याचा काही पुरावा असण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त दार उघडले आणि पोलीस येईपर्यंतचा वेळ मिळवून दिला. अशा प्रसंगी पहिल्या अर्ध्या तासात खरे-खोटे ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही नसते. ते ठरवणारी यंत्रणा पोहोचेपर्यंत माणूस जिवंत ठेवणे एवढेच काम असते.

गडचिंचल्याच्या घटनेला धार्मिक रंग होता, असे अनेकांनी ऐकले आहे. ते खरे आहे का?

टाळेबंदीच्या काळात दोन साधू आपल्या वाहनचालकासह कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. हमरस्त्यावर नाकेबंदी असल्याने त्यांनी आडवाट धरली आणि डहाणू तालुक्यात, दादरा नगर हवेलीच्या हद्दीजवळ, वन विभागाच्या चौकीपाशी त्यांची गाडी अडवली गेली. रात्री चोर आणि मुले पळवणारे फिरतात, अशी अफवा त्या भागात आधीपासून होती आणि गावकरी पहारा देत होते. पोलीस आल्यानंतर, त्यांच्या डोळ्यांदेखत, तिघांचा जीव गेला. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण इतकी शब्दशः खरी व्हावी, हे भयंकर आहे.

त्यानंतर दुसरा आरोप सुरू झाला. मारणारे मुसलमान होते असे संदेश फिरू लागले आणि चित्रफितीत कोणीतरी ‘ओय, बस’ असे म्हणते आहे, त्याचे ‘शोएब’ करून तो पुरावा म्हणून देशभर ऐकवला गेला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर केली आणि त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. यादी समोर आल्यानंतरही तो संदेश फिरत राहिला. अफवेने तीन जीव घेतले म्हणून हळहळणारी माणसे त्याच घटनेविषयीची दुसरी अफवा बिनदिक्कत पुढे पाठवत होती, आणि यांतल्या अनेकांचा व्याकरण तपासून मगच संदेश पाठवण्याचा लौकिक आहे.

अटक झालेल्यांपैकी अनेकांना जामीन मिळाला. म्हणजे पुरावा मागण्याचा फायदा गुन्हेगारांनाच होतो ना?

जामीन म्हणजे सुटका नव्हे, आणि जमावाच्या गुन्ह्यात कोणी काय केले हे शोधणे मुळातच कठीण असते. शेकडो माणसे, रात्रीची वेळ, गाव सगळे एकमेकांच्या नात्यातले. अशा वेळी गावातल्या दिसेल त्या पुरुषाला उचलून दोषी ठरवणे सोपे आहे. ते करणे म्हणजे त्या रात्री साधूंच्या बाबतीत जे झाले तेच पुन्हा करणे. मारहाणीचा आरोप असलेल्यालाही पुराव्याचा तोच निकष लावावा लागतो, जो त्याने मरणाऱ्याला लावला नाही. हे पचायला जड आहे याची आम्हाला कल्पना आहे.

‘शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘दोषी असू शकेल’ आणि ‘दोषी असलाच पाहिजे’ यांमधल्या अंतरावर नेमके बोट ठेवले आहे : हे अंतर मोठे असते आणि त्यात अस्पष्ट तर्क आणि ठोस निष्कर्ष एकमेकांपासून वेगळे होतात. त्याच निकालात प्रत्येक किरकोळ शंकेचा फायदा आरोपीला देत सुटू नये, अशी कानउघाडणीही आहे, ती मात्र फारसे कोणी सांगत नाही. शंका वाजवी असावी लागते. पुराव्याचा आग्रह म्हणजे निर्दोष सोडण्याचा आग्रह, असा अर्थ या निकालातून निघत नाही.

पुरावा मागणे म्हणजे तक्रार करणाऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे काय?

नाही, आणि ही गल्लत सर्वांत जास्त होते. तक्रार करण्यासाठी पुरावा लागत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘ललिता कुमारी’ प्रकरणात सांगितले. प्राथमिक चौकशीची मुभा ठरावीक प्रकारच्या प्रकरणांपुरतीच ठेवली. हरवलेल्या मुलाच्या बाबतीत तर, वर सांगितल्याप्रमाणे, गृहीतकच पालकांच्या बाजूचे आहे. ‘पुरावा आणा, मग बघू’ असे म्हणून आईला ठाण्यातून परत पाठवणारा पोलीस आणि पुराव्याची वाट न पाहता काठी उचलणारा जमाव, दोघेही एकच चूक दोन टोकांनी करतात : पहिला तपासाआधीच निकाल मागतो, दुसरा तपासाआधीच निकाल देतो.

राईनपाड्यानंतर काही बदल झाले का?

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्यांविषयी सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी, खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढणारी जलदगती न्यायालये, पीडितांसाठी भरपाईची योजना आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई, हे त्यांतले मुख्य मुद्दे होते. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. निर्देश कागदावर चांगले आहेत. गडचिंचले त्यानंतर दोन वर्षांच्या आत घडले.

आमच्या गटात असा संदेश आला तर नेमके काय करावे? गटप्रमुख म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल होईल का?

पाठवणाऱ्याला सर्वांसमोर एकच साधा प्रश्न विचारावा : हे कोणत्या गावात, कोणत्या तारखेला घडले आणि कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? मूल पळवल्याची खरी घटना असेल तर गुन्ह्याची नोंद असणारच, आणि ती आहे की नाही हे ठाण्यात फोन करून पाच मिनिटांत कळते. उत्तर आले नाही तर संदेश काढून टाकायला सांगावे. तो नुसता खोडून गप्प बसू नये. ‘ठाण्यात विचारले, अशी कोणतीही घटना नाही’ असे त्याच गटात लिहावे, कारण संदेश वाचून झालेल्यांच्या मनातून तो आपोआप खोडला जात नाही. लोकांत भीती पसरवणारी खोटी माहिती प्रसृत करणे हा न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो, तेव्हा ‘जसे आले तसे पाठवले’ हा बचाव फार काळ टिकत नाही.

गटप्रमुखाविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, असे म्हटले आहे की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ गटप्रमुख आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही; दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना दाखवावी लागते. ते प्रकरण अफवेचे नसले तरी तत्त्व येथेही लागू पडते. अर्थात गटप्रमुखाने तोच संदेश स्वतः पुढे पाठवला, तर तो पाठवणारा ठरतो आणि या निकालाचा आधार त्याला मिळत नाही. संदेश पोलिसांना दाखवणाऱ्या सदस्याने तर घाबरण्याचे कारणच नाही. मूळ संदेश न खोडता, कोणाकडून आणि किती वाजता आला ते दिसेल अशा स्वरूपात ठाण्यात दाखवावा, म्हणजे तपास मागे मागे नेता येतो.